तुम्ही विचारलंत म्हणून: तालमीच्या संघाकडे का गेलो नाही

पाटाकडील, खंडोबा, दिलबहार यांसारख्या पेठांमधल्या तालमींच्या फुटबॉल सामन्यांना शाहू स्टेडियमवर हजारो माणसे लोटत असताना तुम्ही सारी नोकरी शाळा-कॉलेजच्या मुलांतच का काढलीत, हा प्रश्न मला कोल्हापुरात नेहमी विचारला जातो. माझे उत्तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या एका रकान्यात आहे. तो रकाना जन्मतारखेचा.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि वयाची रेघ वर्षाच्या सुरुवातीला ओढलेली असते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात उतरतात. तेराव्या वर्षी अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे कधी कधी वीतभर उंची. निवड चाचणीत थोरला मुलगा धाकट्याला खांद्याने सहज बाजूला सारतो, संघात येतो, त्याला सराव आणि सामने अधिक मिळतात, त्यामुळे वर्षभराने तो खरोखरच सरस ठरतो आणि आपली निवड अचूक होती असे प्रशिक्षकाला वाटते. अनेक देशांतल्या अभ्यासकांनी हे नोंदवून ठेवले आहे; मला मात्र ते स्वतः चूक करून शिकावे लागले.

बी.पी.एड. ही शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन शाळेत लागलो, तेव्हा आठवीतला एक बुटका मुलगा दोन्ही पायांनी सारखाच पास देत असे. सलग दोन वर्षे मी त्याला संघाबाहेर ठेवले, आणि तिसऱ्या वर्षी तो मैदानावर आलाच नाही. पुढे मी कॉलेजात गेलो, तेव्हा तो अकरावीत भेटला. माझ्यापेक्षा उंच झाला होता. सरावाला ये म्हटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "आता सवय राहिली नाही, सर." त्याला नाकारण्यामागे माझ्याकडे त्याच्या उंचीखेरीज एकही कारण नव्हते, हे मी त्या दिवशी स्वतःशी मान्य केले.

तेव्हापासून माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे जन्ममहिना असतो आणि दर तीन महिन्यांनी मोजलेली उंची असते. बाराव्या वर्षापर्यंतच्या मुलांना मी मोठ्या मैदानावर अकरा-अकरा खेळवत नाही; चार-चारच्या डावात चेंडू प्रत्येकाच्या पायाशी येतो आणि नुसत्या धावेच्या जोरावर कोणाला निभावता येत नाही. उंची झपाट्याने वाढते, त्या काळात मुले अडखळतात, चेंडूचा अंदाज चुकतो, गुडघ्याच्या वाटीखाली दुखते. पालकांना ते आळसाचे लक्षण वाटते, आणि मुलाची उड्या व फटक्यांची मेहनत काही आठवडे कमी करा, हे पटवण्यात माझा कितीतरी वेळ जातो. तो वेळ मी आनंदाने देतो.

तालमीच्या प्रशिक्षकाला असे थांबता येत नाही. त्याला याच हंगामात पेठेला उत्तर द्यायचे असते, आणि ते रास्तही आहे. शाळेतला मुलगा मला पाचवीपासून दहावीपर्यंत रोज दिसतो. कॉलेजातला आणखी काही वर्षे. २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा आपला मुलगाही तिथवर जाईल का, हे विचारायला कितीतरी पालक मैदानावर आले. बारा वर्षांच्या मुलाविषयी मी होय म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही, हेच उत्तर मी प्रत्येकाला दिले, आणि काही जण नाराज होऊन परतले.

शाळेच्या मुलांना मी अजूनही सकाळी शिकवतो. सध्या तिथे २८ डिसेंबरचा एक मुलगा आहे, गटात सर्वांत बुटका. मागच्या तीन महिन्यांत त्याची उंची दोन सेंटिमीटर वाढली आहे. परवाच्या सामन्यात मी त्याला पूर्ण वेळ मधल्या फळीत खेळवले. आम्ही हरलो, आणि पुढच्या सामन्यातही तो तिथेच खेळणार आहे.