सांगलीच्या रस्त्यांवर फिक्सी टिकवायची तर

सांगली-मिरज रस्ता, विश्रामबाग, हरिपूर. घाट कुठेच नाही, त्यामुळे फिक्सीला, म्हणजे चाक फिरेल तोवर पायडलही फिरत राहणाऱ्या सायकलला, एकच गिअर पुरतो. पुढच्या चक्रीला ४६ आणि मागच्या चक्रीला, म्हणजे कॉगला, १७ दात ठेवा. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे पावणेसहा मीटर जाते. ४८-१६ घेऊ नका. स्किड करताना, म्हणजे पाय उलटा दाबून मागचं चाक घसरवताना, दरवेळी टायरची तीच जागा घासते आणि टायर लवकर संपतो. ४६-१७ ला ही झीज सतरा जागी वाटली जाते.

फिक्सीची चेन सायकल चालवते तशी थांबवतेही, म्हणून सगळं लक्ष मागच्या हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे हवं. कॉगचे आटे उजवे, त्याला बाहेरून धरणाऱ्या लॉकरिंगचे डावे. उलट जोर दिला की कॉग सुटायला बघतो आणि लॉकरिंग त्याला अडवते. आट्यांना ग्रीस लावा, कॉग चेनव्हिपने (चेनचा तुकडा लावलेल्या पान्याने) घट्ट करा, लॉकरिंग हुक पान्याने. छिन्नी-हातोडी लावली की खाचा गोल होतात. पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा आवळा. पाय उलटा दाबताना 'टक्' वाजलं तर तिथेच थांबा. सैल कॉग अॅल्युमिनियमच्या हबचे आटे खातो, मग हब बदलून चाक नव्याने बांधावं लागतं. साध्या हबवर फ्रीव्हील (साध्या सायकलची मागे मोकळी फिरणारी चक्री) वेल्ड करून 'फिक्सी करून देतो' म्हणणाऱ्याला स्पष्ट नाही म्हणा. त्या हबला लॉकरिंगचे डावे आटेच नसतात, त्यामुळे पाय उलटा दाबल्यावर फ्रीव्हील सुटून येतं.

चेन मधोमध साधारण अर्धा इंच खाली-वर व्हायला हवी. क्रँक पूर्ण फिरवून जिथे चेन सर्वांत ताठ होते तिथे मोजा. फार ताठ असेल तर बेअरिंग जातात. ढिली चेन उतरली तर चाक लॉक होतं. मागचे नट १५ च्या पान्याने ढिले करा, चाक मागे ओढा, उजवा नट थोडा आवळा, चाक मध्ये आणून डावा आवळा, मग उजवा पक्का करा. हा पाना कायम जवळ ठेवा, पंक्चरलाही तोच लागतो.

पट्टीवर चेनच्या चोवीस कड्या पिनपासून पिनपर्यंत बरोबर १२ इंच भरतात. १/१६ इंच वाढ दिसली की चेन बदला. १/८ पर्यंत थांबलात तर कॉगही जातो.

पावसाळ्यात काळी माती तेलात मिसळते आणि चेन पॉलिशपेपरसारखी घासते. भिजून आल्यावर चेन पुसा, प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल सोडा, दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार पाण्याचा फवारा हबवर नको.

टायर ७०० सी म्हणजे ६२२ मिमीचाच लागतो. साध्या २८ इंची सायकलचा ६३५ मिमीचा, तो बसत नाही, म्हणून एक जादा घरी ठेवा. पुढचा ब्रेक काढू नका.

चाक फिरत असताना चेनला फडकं कधीही लावू नका. फिक्सीत चेन थांबत नाही, फडक्याबरोबर बोट कॉगमध्ये ओढलं जातं. आधी चाक थांबवा, मग हाताने क्रँक थोडी थोडी पुढे सरकवत एकेक टप्पा पुसा.