एकाच बॅचच्या दोन बाटल्या

मी मध तपासणाऱ्या लॅबमध्ये काम करते. थंडी पडली की आमच्याकडे एकाच प्रकारचे सॅम्पल यायला लागतात, मध साखरलाय म्हणजे नक्की यात साखरेचा पाक घातलाय, तपासून द्या. पण त्या दिवशी एक काका आले ते दोन बाटल्या घेऊन. दोन्ही एकाच बॅचच्या, सील सोबतच फोडलेलं. एक तळापासून जवळपास वरपर्यंत रवाळ झालेली, फिकट, लोण्यासारखी घट्ट, वर बोटभर पातळ थर. दुसरी एकदम पातळ, चकचकीत, रंग मात्र गडद तपकिरी. काका म्हणाले, "मॅडम, ही मी गॅसवर पातेल्यात ओतून चांगली उकळली, दोनदा, बघा कशी शुद्ध झाली, आता ही दुसरी साखरेची आहे एवढं फक्त लिहून द्या."

मी पातळ बाटलीचं झाकण उघडलं आणि वासावरूनच कळलं, फुलांचा वास पार गेलेला, नुसता करपलेल्या साखरेचा उरलेला. तरी वासावर रिपोर्ट देता येत नाही, म्हणून दोन्ही सॅम्पल लावले. आम्ही एचएमएफ नावाचा घटक मोजतो, पूर्ण नाव हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल. मध आम्लधर्मी असतो, त्यातली फळसाखर म्हणजे फ्रुक्टोज तापली की हा तयार होतो, ताज्या मधात अगदी थोडा असतो. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नपदार्थांच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डमध्ये मर्यादा किलोला 40 मिलिग्रॅम, उष्ण प्रदेशातल्या मधाला 80. उकळलेली बाटली 80 च्याही वर गेली, आणि डायस्टेज, म्हणजे मधमाशीकडून मधात येणारं एन्झाइम, जवळपास संपलेलं. रवाळ बाटली दोन्हीत व्यवस्थित पास.

काकांचा चेहरा पडला, खरं सांगते मला वाईट वाटलं, कारण माणूस काळजीपोटीच करत होता आणि चांगला मध त्याच काळजीत गेला. मग मी त्यांना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. रवाळ मधाचा एक ठिपका काचेवर घेऊन पोलराइज्ड, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात बघितला की पातळ भाग काळा दिसतो आणि ग्लुकोजचे स्फटिक लखलखतात, सुयांसारखे, आणि मधे एखादा परागकण अडकलेला. काका बराच वेळ डोळा लावून बसले, "एवढं सगळं आत असतं होय!"

कारण तसं सोपं आहे. मधात पाणी असतं 17-18 टक्के, बाकी बहुतेक साखरच, म्हणजे एवढ्याशा पाण्यात मावेल त्याहून जास्त साखर विरघळलेली असते. त्यातलं ग्लुकोज पाण्यात कमी विरघळतं, त्यामुळे तेच आधी बाहेर पडून रवे धरतं. फुलोरा कोणता यावर वेग ठरतो, मोहरीचा मध पटकन साखरतो, अकेशिया नावाच्या झाडाच्या फुलांचा महिनोन्महिने पातळ राहतो. साधारण 14 अंशाला रवे सगळ्यात जोरात धरतात. आणि भेसळीचं म्हणाल तर फ्रुक्टोज जास्त असलेला कॉर्न सिरप घातलेला मध सहजासहजी साखरतच नाही! ऊस किंवा मक्याच्या साखरेची भेसळ ओळखायला कार्बनच्या आयसोटोपची, म्हणजे कार्बनच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं प्रमाण मोजणारी टेस्ट लागते, अंगठ्यावर थेंब किंवा पाण्यात टाकून बघणं यातून काहीच सिद्ध होत नाही.

मग रवाळ बाटली मी काकांसमोरच पातळ करायला ठेवली. झाकण सैल केलं, एका भांड्यात 40 अंशाचं पाणी घेतलं, बाटलीच्या मधापर्यंत येईल एवढं, थर्मामीटर टाकून ठेवला. घरी थर्मामीटर नसेल तर हात आरामात बुडवून ठेवता यावा एवढंच गरम, त्याहून नको. पोळ्यात पिल्लांच्या भागात मधमाश्याच 34-35 अंश तापमान राखतात, म्हणजे 40 ला मधाला फारसा धक्का बसत नाही. मधातून उष्णता हळू पसरते, त्यामुळे बाहेरचा वितळला तरी मधला गोळा तसाच असतो, म्हणून पाणी थंड झालं की बदलायचं आणि मधूनमधून कोरड्या चमच्याने ढवळायचं. ओला चमचा चुकूनही नाही, पाणी वाढलं की यीस्ट आंबवतं. वरचा तो पातळ थरही याचसाठी ढवळून मिसळायचा, तिथे पाणी जास्त जमतं. पूर्ण पातळ व्हायला काही तास लागले, काका मधेच चहाला जाऊन आले, परत आल्यावर म्हणाले, "मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत झालं असतं की." झालं असतं, पण एकीकडे उकळलेला आणि एकीकडे रवाळ, आतमध्ये गरम ठिपके पडतात. आणि काचेची बाटली थंड असेल तर तिला एकदम गरम पाण्यात टाकू नका, तडकते, प्लास्टिकची असेल तर मध आधी काचेच्या बरणीत काढून घ्या.

संध्याकाळी ती बाटली सोनेरी झाली, वास जसाच्या तसा. जाताना काकांनी विचारलं, नातवंडाला चाटवू का, वर्षाचा व्हायचाय अजून. मी स्पष्ट नाही म्हटलं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, त्यात बोटुलिझम या जीवघेण्या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि आपण घरी उकळूनही ते मरत नाहीत. त्यांना ते माहीतच नव्हतं, लगेच घरी फोन लावला त्यांनी.

उरलेल्या बाटल्यांचं काय करू हेही विचारून घेतलं, तर मी सांगितलं की सगळ्या तापवू नका, साखरलेला मध तसाच चमच्याने खायला छान लागतो, पातळ लागेल तेवढाच वाटीत काढून कोमट करा, कारण एकदा पातळ केलेला मध पुन्हा साखरतोच आणि दर वेळी तापवलं की थोडा थोडा जातोच.