डार्कसाइड वाढतो जेवण

माझी भाची सहा वर्षांची, लेक दहा वर्षांचा. दोघांना एकच पुस्तक पुरत नाही, हे मला बॅटमॅनच्या कॉमिक्सचा एक जाडजूड संग्रह आणल्यावर कळलं. चौथ्याच पानावर रक्त. तो आता माझ्या कपाटात, वरच्या फळीवर.

भाचीसाठी मग 'टायनी टायटन्स' आणलं. आर्ट बाल्टझार आणि फ्रँको यांचं, २००८पासूनचं. यात सगळे हिरो प्राथमिक शाळेत. मुख्याध्यापक स्लेड, म्हणजे एरवीचा खलनायक डेथस्ट्रोक, आणि जेवणघरात वाढायला साक्षात डार्कसाइड! विश्व जिंकायला निघालेला हा बाबा पोरांना ताटं वाढतोय, हे पाहून मीच जास्त हसले. गोष्टी दोन-चार पानांच्या, म्हणून झोपायच्या वेळी "अजून एकच गं मावशी" चालतं.

लेकाचं प्रकरण वेगळं. त्याला 'सुपरमॅन स्मॅशेस द क्लॅन' दिलं. जीन लुएन यांग यांनी १९४६च्या रेडिओमालिकेवरून रचलेली गोष्ट, चित्रं गुरिहिरू या जपानी जोडीची. मेट्रोपोलिस शहरातलंच चायनाटाउन सोडून शहराच्या मध्यभागी राहायला आलेलं ली कुटुंब, आणि त्यांना हुसकावू पाहणारे बुरखाधारी, म्हणजे गोऱ्यांखेरीज इतरांचा द्वेष करणारी 'क्लॅन' ही टोळी. सुरुवातीला सुपरमॅनला उडताच येत नाही, तो तारांवरून धावतो. लेकाला हे फार आवडलं. मग विचारलं, "आई, ते लोक तोंड का झाकतात?" त्या रात्री पुस्तक बाजूला राहिलं, आम्ही बोलतच बसलो.

आता त्याचा डोळा वरच्या फळीवर आहे. स्टूल मी लपवून ठेवलंय.