ताटाच्या कडेचे आमसूल

परवा दुपारी ताटे उचलताना लेकीच्या ताटाच्या कडेला आमटीतले आमसूल नेहमीप्रमाणे बाजूला काढलेले दिसले, आणि नेहमीप्रमाणेच मी ते गुपचूप तोंडात टाकले. या सवयीची घरात यथेच्छ थट्टा होते. त्या दिवशी मात्र माझी बाजू भक्कम होती, कारण सकाळीच रातांब्याच्या सालीतील गार्सिनॉल या पिवळ्या द्रव्याविषयी वाचले होते. गळवांत पू करणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूची वाढ ते रोखते. रातांब्याचा चुलतभाऊ असलेल्या मँगोस्टीनच्या जाड सालीतही अल्फा-मँगोस्टिन नावाचे असेच द्रव्य असते. प्रयोगशाळेत जंतू वाढवलेल्या थाळीवर अर्क ठेवला की त्याभोवती स्वच्छ कडे उमटते आणि ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

आजोळी मे महिन्यात रातांबे फोडण्याचे काम आम्हा मुलांकडे असे, आणि बियांभोवतीचा गर चोखून सगळ्यांचे दात आंबत. आजी त्या साली मीठ घातलेल्या रातांब्याच्याच रसात बुडवून पुन्हा उन्हात पसरी. असे पुटावर पुट चढून लालभडक साल काळी आणि मऊ होई. आभाळ भरून आले की पहिली धाव सालींकडे; दांडीवरचे कपडे भिजले तरी चालत. पुढे चिनी मातीच्या बरणीत ते आमसूल दोन-दोन वर्षे राही आणि त्यावर बुरशीचा ठिपकाही दिसत नसे. त्याचे श्रेय गार्सिनॉलला देण्याचा मोह होतो, पण मीठ, ऊन आणि सालीतली आम्ले यांचा वाटा मोठा.

शिवाय गार्सिनॉल पाण्यात विरघळत नाही. अंगावर पित्त उठले की आजी आमसुलाचे पाणी चोळी, त्यात रंग आणि आंबटपणा उतरे. गार्सिनॉल मात्र सालीतच राहत असणार. म्हणजे आमटी ओरपून साल टाकणारे नेमके तेच टाकतात, आणि चोथा चघळणारा मी शहाणा ठरतो! हा युक्तिवाद मी लेकीला ऐकवला. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. ई. कोलायसारख्या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असते, त्यातून अशी द्रव्ये सहजासहजी आत शिरत नाहीत, आणि थाळीवरचा अर्क वेगळा, ताटातले एक आमसूल वेगळे, असे तिने शांतपणे सांगितले.

तेवढ्यात माझ्या दाताखाली बी आली. आजीच्या आमसुलात बी कधी राहत नसे.