मर्यादेच्या आत, पण किती आत?

सेसना 172 या लहान विमानाच्या शेपटीत उजव्या एलिव्हेटरच्या (विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या भागाच्या) मागच्या कडेला एक अरुंद पट्टी जोडलेली असते. तिला ट्रिम टॅब म्हणतात. वैमानिकाने कॉकपिटमधलं चाक फिरवलं की केबल आणि साखळी ते फिरणं शेपटीतल्या एका लहानशा ॲक्च्युएटरपर्यंत नेतात, त्यातला आट्यांचा दांडा आत-बाहेर सरकतो आणि पट्टी वर-खाली होते. उड्डाण स्थिरावल्यावर वैमानिकाला कंट्रोल सतत ओढून किंवा ढकलून धरावा लागू नये, एवढंच तिचं काम. पण ही पट्टी सैल झाली तर वेगात फडफडायला लागते. ती फडफड एलिव्हेटरमध्ये शिरली तर पुढचं आवरणं वैमानिकाच्या हातात राहत नाही.

म्हणून तिचा प्ले, म्हणजे सैलपणा, मोजायचा. कुठल्याही गॅरेजमध्ये ‘प्ले आलाय’ म्हणतात, तोच हा प्ले. फरक इतकाच, की आमच्याकडे तो किती चालेल ते लिहून दिलेलं असतं. सेसनाच्या मॅन्युअलप्रमाणे पट्टीची रुंदी तिच्या अगदी आतल्या, म्हणजे विमानाच्या अंगाकडच्या टोकाला मोजायची आणि 0.025 ने गुणायची. रुंदी 100 मिलिमीटर भरली, तर अडीच मिलिमीटर. मग एलिव्हेटर आणि टॅब मधोमध आणून पक्के बांधायचे, पट्टीची मागची कड हाताने वर-खाली हलवायची आणि रुंदी जिथे मोजली तिथेच हे हलणं मोजायचं. एकूण हलणं त्या आकड्याच्या पुढे गेलं, की कुठला सांधा सैल आहे ते शोधायला लागायचं.

मी विमान देखभाल अभियंता आहे. महाराष्ट्रातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये शिकाऊ वैमानिकांची विमानं तपासून ‘उडायला योग्य’ अशी सही करणं हे माझं काम. स्कूलचं नाव सांगत नाही, आणि सांगून काही वेगळं कळणारही नाही. अशा हॅन्गरमध्ये थोड्याफार फरकाने हेच चालतं.

शिकाऊ विमानाचे हाल बाहेरच्यांना कळत नाहीत. दिवसभर उतर, चढ, पुन्हा उतर. विद्यार्थी ट्रिमचं चाक असं फिरवतात की जणू त्याचे पैसे भरलेत. (भरलेले असतातच म्हणा, आणि चांगले घसघशीत.) त्यात मे महिना, काळ्या मातीची धूळ, आणि दुपारी हात लावता येणार नाही इतका तापलेला पत्रा. मोजमापाची कामं म्हणून मी सकाळी लवकर उरकते.

त्या दिवशी एका 172 ची शंभर तासांची (दर शंभर उड्डाणतासांनी होणारी) तपासणी संपत आली होती. इंजिनचं झालं होतं, सीटच्या रुळांचंही झालं होतं. हे रूळ म्हणजे वरवर बघता किरकोळ गोष्ट, पण त्यांच्यासाठी अमेरिकेच्या एफएएचं, म्हणजे तिथल्या विमान नियामकाचं, सक्तीचं फर्मान आहे, 2011-10-09 क्रमांकाचं. विमानाचं डिझाइन ज्या देशातलं, तिथलं असं फर्मान आपल्या नियामकाकडे, डीजीसीएकडेही बंधनकारक असतं. रुळाची भोकं झिजली की खिळी नीट बसत नाही, ऐन टेकऑफला सीट मागे घसरते, आणि कंट्रोल धरून बसलेला माणूस सीटबरोबर कंट्रोलही मागे खेचतो. नाक वर, वेग कमी, आणि जमीन जवळ. झिजलेलं भोक खुर्चीखाली असलं तरी धोका थेट शेपटीपर्यंत पोचतो. शंभर तासांनी ते तपासायचं हे आमच्याकडे आता कोणाला सांगावं लागत नाही.

राहिली होती ट्रिम टॅब. मी मोजलं, प्ले मर्यादेच्या किंचित बाहेर आला. आमचा टेक्निशियन, नव्यानेच कोर्स करून आलेला मुलगा, म्हणाला, “ताई, मी सकाळी बघितलं तेव्हा आत होता.”

दोन माणसं, एकच पट्टी आणि दोन निकाल. अशा वेळी मोठ्या पदाच्या माणसाचं मोजमाप खरं धरायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. मी त्याला म्हटलं, तू कसं मोजलंस ते करून दाखव.

त्याने दाखवलं. रुंदी त्याने बाहेरच्या टोकाला घेतली होती आणि प्ले आतल्या टोकाला. शिवाय त्याचा हात हलका. मॅन्युअलमध्ये ‘मध्यम दाब’ असं लिहिलंय. कोणाचा मध्यम? पंचविशीतल्या संकोची पोराचा, की वीस वर्षं स्पॅनर चालवलेल्या माझा? मग आम्ही तिसऱ्या एकाला बोलावलं, स्प्रिंगचा काटा आणला आणि पट्टीवर सगळ्यांचा दाब सारखा पडेल असं बघितलं. प्रत्येकाने आपला आकडा दुसऱ्याला न सांगता कागदावर लिहिला. नोंदीत जाणारं मोजमाप मॅन्युअल म्हणतं तसं हातानेच घ्यायचं, ते मी घेतलंच. काटा फक्त आमच्यातला वाद मिटवायला होता. तिन्ही कागद उघडले. सगळे आकडे बाहेर होते, थोडेच, पण बाहेर.

आता सैलपणा कुठे आहे ते शोधायचं. ॲक्च्युएटरकडून येणारा दांडा, म्हणजे पुशरॉड, टॅबच्या शिंगाला (तिच्यावरच्या उभ्या खुंटीला) जोडणारा बोल्ट झिजलेला निघाला, बोटांनाही कळेल इतका. नवा बोल्ट स्टोअरमध्ये होता. तो बसवला, कॉटर पिन घातली, पुन्हा मोजलं. प्ले मर्यादेच्या आत आला. जेमतेम आत.

मुलगा हसला. तेवढ्यात सीएफआय (मुख्य उड्डाण प्रशिक्षक) साहेब हॅन्गरमध्ये आले. हवाई दलातून निवृत्त झालेले, शिस्तीचे, आणि माझ्याशी कधी आवाज चढवून न बोलणारे. “मॅडम, उद्या सकाळी या विमानावर दोन लांब पल्ल्याची क्रॉस-कंट्री उड्डाणं लावलीत. मिळेल ना?”

नियमाप्रमाणे उत्तर ‘हो’ होतं. मोजमाप आत, बोल्ट नवा, मॅन्युअलच्या ओळीवर खूण करायला मोकळी. पण पुशरॉड सोडवला होता तेव्हा मी ॲक्च्युएटरचा दांडा धरून हलवून बघितला होता. त्याच्यातही प्ले होता. म्हणजे बोल्टने आपला वाटा भरून दिला होता आणि उरलेला प्ले बहुतेक ॲक्च्युएटरच्या आट्यांमधला होता. तो आजच्या मर्यादेत बसत होता, पण काठावर.

मी जुनी वर्कशीट काढायला सांगितली. मागच्या शंभर तासांना हा आकडा किती होता? त्याच्या मागच्या वेळी? शंभर तासांत प्ले किती वाढतो ते कळलं, तर पुढचे शंभर तास तो आत राहील की नाही हे सांगता आलं असतं. फाइल आली. प्रत्येक शीटवर त्या ओळीसमोर बरोबरची खूण आणि कोणाची तरी आद्याक्षरं. आकडा एकाही कागदावर नाही. कागद नियमाला धरूनच होते, कारण फॉर्मवर आकड्यासाठी जागाच नव्हती. पण त्या जाड फाइलीतून मला इतकंच कळत होतं, की दर वेळी कोणीतरी हात लावून बघितलं होतं.

साहेबांना मी म्हटलं, विमान देता येणार नाही, ॲक्च्युएटर उतरवायचाय.

थोड्या वेळाने व्यवस्थापनाकडून फोन आला. “लिमिटच्या आत आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“आज आहे. पुढच्या तपासणीपर्यंत राहील हे मी कशावरून लिहू?”

पलीकडे शांतता. मग विद्यार्थ्यांच्या वेळापत्रकाबद्दल, पावसाळ्यापूर्वी पुऱ्या करायच्या तासांबद्दल बरंच बोलणं झालं. त्यातलं काही खोटं नव्हतं.

साहेब हॅन्गरमध्येच थांबले होते. त्यांना मी अलास्का एअरलाइन्सच्या फ्लाइट 261 ची आठवण करून दिली. नाव त्यांना माहीत होतं, पण आकडे नव्हते. 31 जानेवारी 2000. एमडी-83, मेक्सिकोतल्या प्वेर्तो व्हायार्ताहून सॅन फ्रान्सिस्को आणि पुढे सिएटलला निघालेलं. त्याच्या शेपटीतला स्टॅबिलायझर, म्हणजे शेपटीचा आडवा पंख, आट्यांच्या एका जाड पोलादी दांड्यावर आणि त्यात बसणाऱ्या ॲल्युमिनियम ब्रॉन्झच्या नटवर हलायचा. तत्त्व आमच्या 172 च्या ॲक्च्युएटरचंच, आकार अवाढव्य. त्या नटमधला एंडप्ले (दांड्याच्या लांबीच्या दिशेने होणारं हलणं) 0.040 इंचापर्यंत, म्हणजे साधारण एक मिलिमीटरपर्यंत चालायचा. सप्टेंबर 1997 मध्ये ओकलंडच्या हॅन्गरमध्ये तो मोजला तेव्हा बरोबर 0.040 भरला. नट बदलायचा असं कागदावर आलंही. मग पुन्हा मोजलं, 0.033 आलं, आणि विमान सेवेत गेलं.

“म्हणजे दुसरं मोजमाप चुकीचं होतं?” साहेबांनी विचारलं.

तो प्रश्न माझ्या लेखी दुय्यम आहे. समजा, 0.033 अगदी खरं होतं. तरी पुढची मोजणी कधी? त्या कंपनीत तो कालावधी वाढत वाढत तीस महिन्यांवर गेलेला. ग्रीस लावायचा कालावधीही वाढवून आठ महिन्यांवर नेलेला. डिझाइन करणाऱ्यांच्या हिशोबात झीज हजार तासांना इंचाचा हजारावा भाग होती. त्या हिशोबाने 0.033 वरून 0.040 वर यायला सात हजार तास. विमान कोसळलं तेव्हा त्या मोजणीला जवळजवळ नऊ हजार तास झाले होते. म्हणजे सगळं ग्रीस वेळेवर आणि नीट लागलं असतं, तरी कागदावरच हा नट पुढच्या मोजणीआधी मर्यादा ओलांडणार होता. प्रत्यक्षात नटमधले आटे खरवडून गेले होते, दांड्याच्या कामाच्या भागावर उपयोगी ग्रीस सापडलं नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ॲनाकापा बेटापाशी विमान समुद्रात पडलं. 88 जण गेले. त्यानंतर एफएएने सक्ती केली: ग्रीस दर 650 तासांनी, एंडप्ले दर 2000 तासांनी.

साहेब माझं बोलणं पुरं होईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नवा ॲक्च्युएटर यायला किती दिवस?” वैमानिकाच्या तोंडी मला हा प्रश्न आवडला.

ॲक्च्युएटर उतरवून टेबलावर उघडला. आतलं ग्रीस सुकून तपकिरी पापुद्रा झालेलं, त्यात बारीक धूळ मळलेली. दांड्याच्या मधल्या भागातले आटे वरून पातळ झालेले, टोकांकडचे मात्र जवळपास नवे. असंच व्हायचं, विमानाला ट्रिम बहुतेक वेळ त्याच थोड्या टप्प्यात लागतो. मुलाने भिंग मागितलं आणि बराच वेळ बघत राहिला. मला कौतुक वाटलं, कारण मोजमापाबद्दल त्याला एक शब्दही न बोलता जे सांगायचं होतं ते त्या दांड्याने सांगितलं.

नवा ॲक्च्युएटर यायला आठवडा गेला. तोवर विमान कोपऱ्यात. क्रॉस-कंट्री दुसऱ्या विमानांवर वाटल्या गेल्या आणि एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी कार्यालयात येऊन चांगलंच सुनावलं. त्यांचंही बरोबर होतं.

बसवणं हे वेगळंच प्रकरण. कंट्रोलला हात लागला की दुसऱ्या अधिकृत माणसाने स्वतंत्र तपासणी करायची, हा नियम. केबलचा ताण मोजला. केबलवरून कापड फिरवलं. तुटलेली तार असेल तर धागा अडकतो, बोटं फाटत नाहीत. पुलीखालचा भाग जरा वाकवून बघितला, कारण तिथे झिजलेली तार सरळ केबलमध्ये दिसत नाही. पुली, फेअरलीड (केबल ज्यातून ओवलेली असते तो भाग) यांच्यापाशी किंवा टोकाच्या फिटिंगपासून फूटभराच्या आत एक तार जरी तुटलेली दिसली तरी मी केबल बदलते.

मग दिशा. मुलगा कॉकपिटमध्ये, मी शेपटीपाशी. “नाक खाली!” तो ओरडायचा आणि चाक फिरवायचा, पट्टी वर गेली पाहिजे. “नाक वर!” पट्टी खाली. उलट जोडलेली ट्रिम सैल ट्रिमपेक्षा वाईट, आणि ती जमिनीवर दिसते तेवढीच स्वस्तात दिसते. हे दोन्हीकडून, दोन वेगवेगळ्या माणसांनी बघितलं. मग प्ले. या वेळी मर्यादेच्या खूप आत. फॉर्मवर जागा नसल्यामुळे मी आकडा समासात लिहिला आणि शेजारी सही केली.

क्वालिटी मॅनेजर सरांनी दुसऱ्या दिवशी बोलावलं. समासात असं लिहिता येत नाही, म्हणाले. फॉर्म बदलायचा तर सुधारणा मंजूर करून घ्यावी लागेल. मी अर्ज केला. सुधारणा झाली, वेळ लागला. आता त्या ओळीसमोर दोन रकाने आहेत: आजचा आकडा आणि मागचा आकडा.

बाकीच्या विमानांची टॅब त्याच आठवड्यात मोजली. एकाचा पुशरॉड बोल्ट बदलावा लागला. आणखी एकाचा प्ले मर्यादेच्या बराच जवळ होता, आणि व्यवस्थापनाला वाटलं की आता तोही ॲक्च्युएटर जाणार. तो मी ठेवला. पुढच्या दोन तपासण्यांत त्याचा आकडा जागचा हलला नाही, अजूनही तोच ॲक्च्युएटर त्या विमानात आहे.