आमची वाटचाल: बसलेल्या गाड्या उठवता उठवता

गॅरेज सुरू केलं तेव्हा बोर्डवर 'सस्पेन्शन आणि स्टिअरिंग' एवढंच लिहिलेलं होतं. शॉकअप बदला, बुश टाका, बॉल जॉइंट बघा, अलाइनमेंट करा आणि गाडी सोडा. काम भरपूर होतं पण तेच काम सगळेच करत होते, त्यामुळे गिऱ्हाईक भाव पाडून मागायचं आणि आम्ही पाडून द्यायचो. हवेवरच्या गाड्या, म्हणजे लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशव्यांवर उभ्या असणाऱ्या, मात्र कुणालाच नको असायच्या. मालकाने हौसेने भारीतली जुनी फोर बाय फोर घेतलेली असते, रात्री लावताना ताठ उभी आणि सकाळी बघतो तर चाकं मडगार्डात शिरलेली, आणि मिस्त्री लोक लांबूनच हात जोडतात. आम्ही त्या घ्यायला लागलो ते काही दूरदृष्टी वगैरे म्हणून नाही, गल्ल्यात खडखडाट होता म्हणून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेंज रोव्हरला इलेक्ट्रॉनिक एअर सस्पेन्शन आलं १९९२ साली, पहिल्या पिढीच्या शेवटी शेवटी. मग १९९४ ते २००२ ची पी-३८, २००२ पासूनची एल-३२२, २००४ ची डिस्कव्हरी ३, सगळ्यांची कल्पना एकच. स्प्रिंगच्या जागी चार रबरी एअर बॅग, त्यांना हवा भरणारा कॉम्प्रेसर, साठवायला टाकी, कुठल्या कोपऱ्याला किती हवा ते ठरवणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, प्रत्येक चाकापाशी उंचीचा सेन्सर आणि वर बसलेला कॉम्प्युटर. चालवायला गाडी म्हणजे सुख. पण बॅग शेवटी रबराची, वीस वर्षांत रबर कडक होणारच आणि पाइपच्या जोडातल्या रबरी कड्या, म्हणजे ओ-रिंग, चपट्या होणारच, त्यात कंपनीला शिव्या घालण्यासारखं काही नाही.

आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत एक गोष्ट सारखी दिसायला लागली. कॉम्प्रेसर कोरा करकरीत आणि गाडी तरी बसतेय. आधीच्या ठिकाणी कॉम्प्रेसर जळालेला दिसला, तो बदलला, बिल झालं, थोडे दिवस गेले की परत तेच. अहो कॉम्प्रेसर जळाला कशामुळे ते बघितलंच नाही ना कुणी. लीक असली की तो बिचारा सारखा चालतो, तापतो, पिस्टनची सील झिजते. शिवाय हवा सुकवणाऱ्या ड्रायरचं गणित वेगळंच, त्याच्या आत ओलावा शोषणारे दाणे असतात आणि गाडी खाली घेताना बाहेर जाणारी कोरडी हवा त्यातूनच जाते म्हणून ते परत सुकतात. पण हवा जर भलतीकडूनच निघून जात असेल तर दाण्यांना सुकायला मिळतच नाही, मग दमट हवा पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाते आणि तिथे गंज, घाण, अडकलेले व्हॉल्व्ह. एका बारीक लीकचं हे सगळं रामायण.

आमचं नाव झालं ते मात्र एका वेगळ्याच गोष्टीवर आणि ती म्हणजे गाडी रात्रभर ठेवून घेणे. पी-३८ चा कॉम्प्युटर गाडी बंद असतानाही दर ६ तासांनी जागा होतो आणि चारी कोपरे तपासतो. इंजिन बंद असल्यामुळे कॉम्प्रेसर चालवता येत नाही, म्हणजे खचलेला कोपरा वर घेता येत नाही, मग तो काय करतो तर बाकीच्या तिघांची हवा सोडून त्यांना खाली आणतो, गाडी समतल दिसली म्हणजे झालं! सकाळी मालक बघतो तर चारी बाजू खाली. तो म्हणतो चारी बॅग गेल्या, गॅरेजवाला म्हणतो व्हॉल्व्ह ब्लॉक गेला, आणि खरा चोर एका कोपऱ्यात आरामात बसलेला असतो. म्हणून संध्याकाळी गाडी सगळ्यात आधी सपाट जागेवर लावायची, नेहमीच्या उंचीवर आणायची, बंद करायची आणि सीटखालच्या ईसीयूचा, म्हणजे ह्याच कॉम्प्युटरचा, प्लग काढून ठेवायचा. नंतरच्या मॉडेल्सचे कॉम्प्युटर पण अधूनमधून असेच जागे होतात, तिथे सस्पेन्शनचा फ्यूज काढायचा. आता प्रत्येक कोपरा आपापल्या व्हॉल्व्हच्या मागे एकटा.

मग टेप घ्यायची आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घ्यायचं, जमिनीपासून नाही, कारण टायरमधली हवा कमीजास्त असली की ते माप फसवतं. चार आकडे वहीत, सकाळी परत चार आकडे. मागे एका गाडीला सकाळी मागचा उजवा कोपरा ४१ मिलिमीटर खाली होता आणि पुढचा डावा ६ ने वर! पोरगा म्हणाला, "दादा, ह्यात हवा आली कुठून?" आली कुठून नाही रे, एक कोपरा बसला की बॉडी तिरकी होते आणि समोरासमोरचा तिरका कोपरा उचलला जातो. हे माहीत नसलं की माणूस दोन ठिकाणी शोधत बसतो.

कोपरा कळला तरी अजून तीन संशयित उरतातच, बॅग, पाइप की व्हॉल्व्ह ब्लॉक. इथे आमचं सगळ्यात लाडकं हत्यार म्हणजे टायरचा साधा व्हॉल्व्ह. त्या कोपऱ्याचा पाइप ब्लॉकमधून काढायचा, त्याच्या टोकाला जोडणी करून टायरचा व्हॉल्व्ह लावायचा, तिथून हवा भरून कोपरा वर घ्यायचा आणि परत रात्रभर सोडायचा. सकाळी उभा असला तर बॅग आणि पाइप ठीक, ब्लॉक खोलून बघायचा. बसला तर ब्लॉकला हात लावायचा नाही. एवढं साधं आहे, पण त्यासाठी अजून एक रात्र लागते आणि ती द्यायची कुणाची तयारी नसते.

बॅग बघायची तर गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर घ्या, रबर खाली जिथे दुमडतं ती घडी तेव्हा उलगडते आणि बारीक चिरा दिसतात. साबणाचं पाणी मारा आणि थांबा. भसाभस फेस येईल अशी वाट बघू नका, कधी कधी मोहरीएवढा बुडबुडा सावकाश फुगतो आणि तेवढ्यानेच रात्रीत गाडी बसते. काही बॅगा वरच्या उंचीवर हवा धरतात आणि खालच्या उंचीवर सोडतात, चीर घडीत कुठे येते त्यावर आहे, म्हणून दोन्हीकडे तपासायचं. पाइपचं म्हणाल तर तो ६ मिलिमीटरचा नायलॉनचा, टोकाला उभा ओरखडा असला की ओ-रिंग नवी टाकूनही उपयोग नाही, थोडं टोक सरळ कापून टाका आणि परत बसवा. आणि एक, नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, चासीला स्टँड लागल्याशिवाय आमच्याकडे कुणी पाइपला हात लावत नाही. ह्या एका गोष्टीवर मी माणूस कामावरून काढलेला आहे.

धंद्याच्या बाजूने सगळ्यात अवघड काय गेलं तर शोधण्याचे पैसे मागणं. "मालक, दोन रात्री गाडी ठेवून तुम्ही नुसतं बघितलंत, आणि त्याचं बिल?" हे वाक्य आम्ही फार ऐकलं. मग आम्ही मापांचा कागद बिलासोबत द्यायला लागलो, संध्याकाळचे आकडे, सकाळचे आकडे, कुठला पाइप काढून काय निघालं ते सगळं. कागद हातात आला की वाद निम्मे झाले. काही जण तो कागद घेऊन दुसरीकडे जाऊन काम करून घेतात, घेऊ देत की, शोधण्याचे पैसे आमचे झालेले असतात. पुढे दुसरी गॅरेजंच गाड्या पाठवायला लागली आणि ब्लॉक तपासायला आम्ही प्रेशर गेज लावून एक छोटा टेस्ट बेंच बनवला, त्यावर ब्लॉक गाडीला लावायच्या आधीच कळतो.

कॉइल स्प्रिंग टाकून मोकळे व्हा असं सांगणारे खूप आहेत. ज्याची गाडी महिनोन्महिने उभी असते किंवा लांब आडरानात जाते त्याला मीही तेच सांगेन. पण मागे सामान भरल्यावरही समतल राहणारी आणि बटणावर उंची बदलणारी गाडी एका पाइपाच्या ओरखड्यापायी कॉइलवर आणणं मला पटत नाही, आधी कागद बघा मग ठरवा.

आता आम्ही एका वेळी मोजक्याच गाड्या घेतो कारण रात्री उभ्या करायला सपाट जागा तेवढीच आहे. एका बाजूची बॅग गेली तर त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही बदलतो, दुसरीचं वय तेच असतं. वापरलेल्या बॅगा बसवत नाही, कितीही आग्रह केला तरी. आणि फोनवर कुणी म्हणालं की कॉम्प्रेसर मी घेऊन येतो तुम्ही फक्त फिट करा, तर त्याला सांगतो, आणा, पण खोका फोडू नका, दुकानात परत द्यायला बरं पडेल.