सँडहिल्समधले ग्राऊस आणि चार पिसांचा बाण

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात व्हॅलेंटाइन गाव सोडून ९७ नंबरच्या रस्त्याने नायोब्रारा नदी ओलांडली की पाइनची झाडं मागे पडतात आणि गवताने बांधून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, म्हणजे सँडहिल्स, सुरू होतात. मेरिट तलावाच्या पुढे मॅककेल्वी राष्ट्रीय वन लागतं. नाव वन असलं तरी बहुतेक गवतच. जमीन सरकारी, त्यामुळे शिकारीचा परवाना आणि हॅबिटॅट स्टॅम्प (अधिवास जपण्यासाठीच्या शुल्काचा शिक्का) असला की फिरता येतं. आजूबाजूच्या रँचवर मात्र मालकाला विचारल्याशिवाय पाय ठेवायचा नाही.

इथला पक्षी म्हणजे शार्पटेल ग्राऊस, कोंबडीसारखा रानपक्षी. पोट पांढरं, छातीवर इंग्रजी व्हीसारख्या खुणा, शेपूट टोकदार. त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा ग्राऊस म्हणजे प्रेअरी चिकन, त्याच्या अंगावर आडवे पट्टे असतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला थवे कोवळे असतात आणि जवळ येऊ देतात. बाणाने मारायचं तर हाच काळ. पुढे थंडी आणि वारा वाढला की पक्षी पल्ल्याबाहेरच उठतात.

आम्ही ४५ पौंड ओढीचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य, नेतो, पण खरी करामत बाणाची. हवेतल्या पक्ष्यासाठी फ्लू-फ्लू बाण लागतो: चार पिसं, प्रत्येक ५ इंच लांब, उंची न छाटता पूर्ण ठेवलेली. पहिले वीसेक मीटर तो नीट जातो, मग पिसं हवा अडवतात आणि बाण लवकर खाली येतो. साधा बाण वर सोडला तर टेकडीपलीकडे जाईल, सापडणार नाही आणि पडेल तिथे धोका वेगळाच. टोकाला जुडो पॉइंट, त्याच्या स्प्रिंगच्या चार तारा गवतात अडकतात. साधं बोथट टोक गवताखाली सरपटत जातं आणि तासभर शोधायला लावतं.

इथे सगळ्यात जास्त घात दव करतं. पिसं भिजली की चिकटून बसतात, वाऱ्याला अडवत नाहीत आणि फ्लू-फ्लू साध्या बाणासारखा लांब पळतो. म्हणून पिसांना आदल्या रात्री जलरोधक पावडर चोळायची, भात्यावर प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि गवत सुकेपर्यंत उंच माथ्यांवरूनच चालायचं.

दुपारी पक्षी उत्तरेच्या उतारावर, जंगली प्लमच्या झुडपांच्या सावलीत बसतात. कुत्रा वाऱ्याच्या तोंडावर सोडायचा. सराट्यासारखे काटे वाळूत सगळीकडे असतात, त्याला बूट घालावेत. एक पक्षी उडाला म्हणजे थवा गेला असं समजू नये. मागून एकेक, दोन-दोन उठत राहतात, म्हणून बाण सोडताक्षणी दुसरा दोरीवर हवा.

बाणाचा वेग सेकंदाला ५० मीटर आणि पक्ष्याचा १० धरला, तर १५ मीटरवरून आडवा जाणारा पक्षी बाण पोचेपर्यंत ३ मीटर पुढे सरकतो. बहुतेक चुका मागेच पडतात, कारण नजर अंगावर किंवा शेपटीवर खिळते. डोक्याकडे बघा, धनुष्य पक्ष्यासोबत फिरवत ओढा आणि सोडल्यावरही हात थांबवू नका. मागून सरळ दूर जाणारा पक्षी सोपा. २० मीटरपलीकडे सोडूच नये. कुत्रा खाली असताना कमी उंचीवरून उडणाऱ्या पक्ष्यावरही नाही.

जुडोचा मार बोथट असतो, पंख मोडून पक्षी गवतात पळतो, तेव्हा लगेच धावायचं. उन्हाच्या दिवशी आतडी तिथेच काढून पोकळी थंड होऊ द्यावी. जात ओळखू यावी म्हणून पिसांसकट पाय राहू द्यावा, शार्पटेलच्या पायांवर बोटांपर्यंत पिसं असतात. छातीचं मांस गडद असतं. तापलेल्या तव्यावर लोणी टाकून दोन्ही बाजू परतायच्या आणि आतून गुलाबी असतानाच उतरवायच्या. जास्त शिजलं की कलेजीची चव येते.